डॉक्टरीणबाई, गोठ्यात या!

पुण्यात काय शिकायला मिळत नाही, असं कुणी विचारलं तर चटकन उत्तर सुचणार नाही. इंजिनीअरिंग, मेडिकल, लॉ, फॅशन डिझायनिंग, जर्मन, जपानी, कथक... यादी संपतच नाही. म्हणून तर तालुक्याच्या गावातली मुलगी दहावीला चांगले मार्क मिळवते आणि घरचे तिची बॅग भरून तिला पुण्याच्या गाडीत बसवतात. पण त्याच मुलीला गुराढोरांचं डॉक्टर व्हायचं असेल तर? तर मात्र तिला पुणं सोडावं लागतं. पशुवैद्यकाची पदवी देणारं कॉलेज पुणे शहरात नाही!

गंमत म्हणजे या विद्येशी पुण्याचं नातं फार जुनं आहे. भारतातली पहिली मानली जाणारी लष्कराची पशुवैद्यक शाळा १८६२ साली पुण्यातच निघाली. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली इथेच सुरू झाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि आज बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यात आहे. जनावरांच्या लसी बनवणारी सरकारी संस्था औंधला आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली 'बाएफ' जवळच्या उरुळी कांचनची. सगळं आहे, पण पदवीचं कॉलेज मात्र नाही.

हे मला माहीत झालं ते माझ्या भाचीमुळे. माझी थोरली बहीण करमाळा तालुक्यात दिलेली. चार गाई, दोन म्हशी, थोडी शेरडं असं तिचं घर. भाची अकरावी-बारावीला माझ्याकडे पुण्यात राहायला होती. तिला मेडिकलला घालायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आणि बारावीच्या दिवाळीत तिने जाहीर केलं, "मावशी, मला व्हेटर्नरीलाच जायचंय. माणसांचं नको."

दाजींना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "शेण काढायचंच होतं तर करमाळ्यात काय कमी होतं? पुण्याला कशाला पाठवली?"

आधी गोंधळ निस्तरा

मैत्रिणींनो, या क्षेत्राबद्दल आपल्याकडे इतके गैरसमज आहेत की कॉलेज निवडण्याआधी तेच निस्तरावे लागतात. आम्हाला एका समुपदेशकाने सल्ला दिला, "आधी पुण्यात बी.एस्सी. झूलॉजी करू दे, मग व्हेटर्नरीचं बघू." एका एजंटाने तर खासगी संस्थेतला पशुसंवर्धनाचा डिप्लोमा "डॉक्टरकीच आहे ताई" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

दोन्ही चूक! पशुवैद्यकाची पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा कोर्स बारावीनंतर थेट करायचा असतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हवं आणि वर 'नीट'ची परीक्षा. कोर्स साडेपाच वर्षांचा असतो, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. झूलॉजीची पदवी घेतली म्हणून यात मधूनच शिरता येत नाही. पुन्हा 'नीट'च द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

'आधी कुठलीतरी पदवी, मग व्हेटर्नरी' ही समजूत बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आली असावी. तिकडे मुलं आधी साधारण चार वर्षांची पदवी घेतात आणि त्यानंतर चार वर्षांच्या पशुवैद्यक कॉलेजात अर्ज करतात. त्यामुळे पहिलं कॉलेज कुठलं घ्यावं यावर तिकडच्या घरांमध्ये खल चालतो. आपल्याकडे निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षीच घ्यावा लागतो. म्हणून तो घाईत नको आणि ऐकीव माहितीवर तर नकोच नको.

राहिला डिप्लोमा. तो वाईट नाही. डेअरीत, पशुसंवर्धन खात्यात त्याचा उपयोग होतो. पण तो घेऊन मुलगी 'डॉक्टर' होत नाही. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्यानुसार मान्यताप्राप्त पदवी आणि पशुवैद्यक परिषदेकडची नोंदणी, या दोन गोष्टी असतील तरच पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येतो. परराज्यात खासगी कॉलेजं आहेत. तिथे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का?" आणि उत्तर तोंडी नाही, कागदावर घ्यायचं.

फॉर्म वेगळा, हे विसरू नका

महाराष्ट्रातली सरकारी पशुवैद्यक कॉलेजं नागपूरच्या 'माफसू'च्या, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, छत्राखाली येतात. हे विद्यापीठ २००० साली सुरू झालं. त्याआधी ही कॉलेजं कृषी विद्यापीठांकडे होती.

इथेच पुष्कळ मुली चुकतात. 'नीट' दिली, एमबीबीएस-बीडीएसचा फॉर्म भरला, आणि वाटलं की व्हेटर्नरीही त्यातच असेल. तसं नसतं. माफसूच्या प्रवेशाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. शिवाय प्रत्येक कॉलेजातल्या पंधरा टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषद भरते. तिचा अर्ज आणखी वेगळा. आणंद, हिसार, लुधियाना अशा ठिकाणी जायची तयारी असेल तर तोही भरावा. खुल्या प्रवर्गातल्या मुलीला बारावीच्या या विषयांत निदान पन्नास टक्के लागतात. राखीव प्रवर्गाला सवलत असते. ती किती, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचावं.

आणि कागदपत्रं! डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता... ही निकालानंतर काढायला गेलात तर तहसीलच्या पायऱ्या झिजवता झिजवता फेरी निघून जाते. अकरावीत असतानाच कामाला लागा.

कुठलं कॉलेज?

आता मूळ प्रश्न. पसंतीक्रम भरताना आमच्या घरात नकाशा पसरला. दाजींचं गणित सोपं होतं. जे पुण्याच्या जवळ ते पहिलं, जे लांब ते शेवटी. सगळेच आईवडील असाच विचार करतात आणि त्यात गैर काही नाही. पण एवढंच बघून चालत नाही.

सगळ्यात जुनं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ सालचं. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई जनावरांच्या दवाखान्याशी ते पहिल्यापासून जोडलेलं. मुंबईच्या मधोमध असल्यामुळे कुत्री-मांजरं भरपूर येतात. ज्या मुलीला पुढे शहरात पाळीव प्राण्यांचं क्लिनिक टाकायचंय, तिला इथे खूप बघायला मिळेल. कॉलेजचा गोरेगावलाही परिसर आहे, तिथे मोठी जनावरं.

पुण्याला सगळ्यात जवळचं म्हणजे शिरवळ. साताऱ्याच्या हायवेवर, साधारण पन्नास किलोमीटरवर. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव असलेलं हे कॉलेज १९८८ चं. आजूबाजूला फलटण, बारामती, भोर, म्हणजे दुधाचा पट्टा. संकरित गाई, म्हशी, मेंढपाळांचे कळप, कोंबड्यांच्या शेड.

नागपूरचं कॉलेज १९५८ चं. विदर्भाची जंगलं जवळ आणि गोरेवाड्याला वन्यप्राण्यांच्या संशोधनाचं केंद्र. वाघ-बिबट्यांचं वेड असलेल्या मुलींनी हे नाव वरती लिहावं. मराठवाड्यात परभणीचं १९७२ चं आणि लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचं १९८७ चं. हा भाग देवणी आणि लाल कंधारी या देशी गाईबैलांचा, उस्मानाबादी शेळीचा. कोरडवाहू शेतकऱ्याचं जनावर कसं जगतं ते इथे कळतं. याशिवाय अलीकडच्या वर्षांत आणखी काही ठिकाणी नव्या कॉलेजांना मंजुरी मिळाली आहे. त्यातलं कुठलं प्रत्यक्ष सुरू आहे आणि कुठल्याला परिषदेची मान्यता आहे, ते प्रवेशाच्या वर्षीच्या यादीत तपासायचं.

अभ्यासक्रम सगळीकडे एकच, परिषदेने ठरवून दिलेला. शरीररचना, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र, कुक्कुटपालन, दूध आणि मांसाची तपासणी... पुस्तकं तीच, पेपर तसेच. मग फरक पडतो तो कशाने?

याचं उत्तर आम्हाला शिरवळला मिळालं. एका सकाळी भाची आणि मी स्वारगेटहून एसटीने गेलो. एप्रन आणि गमबूट घातलेल्या चारपाच मुली भेटल्या. त्यातली एक इंटर्नशिप करणारी, बीड जिल्ह्यातली. भाचीने विचारलं, "ताई, कॉलेज चांगलं आहे का, हे कशावरून ओळखायचं?" ती हसली आणि म्हणाली, "इमारतीकडे बघू नको. ओपीडीचं रजिस्टर बघ. रोज किती जनावरं येतात, कुठली येतात, आणि तुझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचतो का. पुस्तक काय, कुठेही वाचशील. गाय अडली तर हात घालायला गाय लागते."

मला वाटतं, सगळ्या माहितीपुस्तिकांचं सार या एका वाक्यात आलं. कॉलेज निवडताना शहर किती मोठं ते बघू नका. मुलीच्या हाताखालून कुठली जनावरं जाणार, ते बघा. आणि तिला पुढे कुठे काम करायचंय, त्याच्याशी ते जुळतंय का ते बघा.

त्या मुलींना मी माझे मावशीचे प्रश्नही विचारून घेतले. मुलींचं हॉस्टेल आवारातच आहे का? रात्रीची केस आली तर मुलींना बोलावतात का, आणि सोबत कोण असतं? गावोगावच्या शिबिरांना मुली जातात का? रेबीजची लस आधीच टोचून घेतात का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तो फार महत्त्वाचा. कुत्र्या-मांजरांत रोज वावरायचं तर चावण्याची वाट बघायची नसते. लस आधी घेऊन ठेवायची असते. हेच प्रश्न कुठल्याही कॉलेजात विचारा. उत्तर तिथल्या मुलींकडून घ्या, ते खरं असतं.

'बाईला झेपेल का?'

घरी आल्यावर दाजींचा पुढचा प्रश्न तयार होता. "पाचशे किलोचा बैल. ही पंचेचाळीस किलोची. कसं व्हायचं?"

मी तो प्रश्न शिरवळला विचारूनच आले होते. जनावर काही ताकदीने आवरत नाहीत. पाचशे किलोच्या बैलापुढे पैलवानाचंसुद्धा काही चालत नाही. त्याला खोड्यात घालतात, दोर विशिष्ट पद्धतीने बांधून खाली बसवतात, भूल देतात. ती सगळी युक्ती आहे आणि ती शिकवली जाते. उलट शेळी-मेंढी अडली तर लहान हाताचा डॉक्टर बरा पडतो!

बाईला या विद्येत येऊ न देण्याची रीत जुनी आहे आणि ती साहेबाच्या देशातलीही आहे. एलीन कस्ट या बाईने १९०० सालापर्यंत एडिंबराला पशुवैद्यकाचं शिक्षण पूर्ण केलं. पण केवळ बाई म्हणून तिला अधिकृत सभासदत्व मिळालं नाही. आयर्लंडमध्ये ती कामं करत राहिली. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने तिला सभासद करून घेतलं ते १९२२ साली, वीसएक वर्षांनंतर. आज इंग्लंड-अमेरिकेत पशुवैद्यकाच्या वर्गात मुलग्यांपेक्षा मुलीच जास्त असतात.

आपल्याकडचं नाव सांगायचं तर डॉ. अमृता पटेल. पशुवैद्यकाची पदवी घेऊन १९६५ साली त्या 'अमूल'मध्ये गेल्या आणि पुढे १९९८ ते २०१४ या काळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे कुरियन साहेबांनंतर देशाच्या दुधाची सूत्रं एका पशुवैद्यक बाईच्या हाती होती! मी हे दाजींना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण चहा गार होईपर्यंत विचार करत बसले, एवढं मी पाहिलं.

उदगीर!

'नीट'चा निकाल लागला. मार्क बरे होते, फार नव्हते. एमबीबीएसची आशा नव्हतीच. माफसूची यादी लागली आणि भाचीच्या नावापुढे आलं उदगीर.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. करमाळ्याहून बार्शी, लातूर करत उदगीर म्हणजे एसटीने सहा-सात तास. ना कुणी नातेवाईक, ना ओळखपाळख. त्याच सुमाराला पुण्यात एका खासगी कॉलेजात होमिओपॅथीला जागा मिळत होती. फी भरपूर, पण पुणं! दाजींचं मत पक्कं होतं. "होमिओपॅथी कर. मावशी जवळ आहे. डॉक्टर तर होशील. नाहीतर वर्षभर घरी थांब, परत नीट दे. शिरवळ मिळालं तर बघू."

भाची रडली नाही. तिने एक कागद घेतला आणि दोन्हीकडची वर्षं, खर्च आणि शेवटी काय मिळणार, ते मांडलं. सरकारी पशुवैद्यक कॉलेजची फी खासगीच्या मानाने कितीतरी कमी. पदवीनंतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, तेही गट-अ. दूध संघ आहेत, कोंबडीच्या कंपन्या आहेत, लस बनवणाऱ्या संस्था आहेत, बँका आहेत. पुढे एम.व्ही.एस्सी. करता येतं. पुण्यात क्लिनिक टाकायचं तरी पदवी उदगीरची आहे म्हणून कुणी कुत्रं परत नेत नाही. नोंदणी एकच, कायदा एकच.

दाजी म्हणाले, "हे सगळं खरं. पण साडेपाच वर्षं एवढ्या लांब मुलगी..."

आणि मग माझी बहीण बोलली. एरवी अशा चर्चेत ती चहा करायला आत जाते. त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मागच्या साली आपली काळी गाय व्याली, वार पडली नाही. डॉक्टर आला. कधी व्याली, किती वेळ झाला, कधी माजावर आली होती, सगळं तुम्हाला विचारलं. तुम्हाला काही ठाऊक होतं का? तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं. मी दाराआडून सांगितलं. गुरांचं सगळं मी करते. पण डॉक्टर विचारणार तुम्हाला, आणि मला बाप्याम्होरं बोलायला लाज. माझ्या लेकीला जाऊ द्या. कुठल्या तरी गोठ्यात एक तरी डॉक्टर बाईला विचारंल."

कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दाजी स्वतः लेकीला घेऊन उदगीरला गेले.

बहिणीचं ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. खरंच आहे ना ते? पहाटेची धार बाई काढते. वैरण बाई टाकते. कुठली गाय कालपासून रवंथ करत नाही, कुठल्या म्हशीची कास गरम लागते, कुठली माजावर आली, हे सगळ्यात आधी तिला कळतं. पण माज, गाभ, वार हे शब्द परक्या पुरुषापुढे, तेही सासऱ्या-दिरांच्या देखत बोलायचे कसे? मग ती गप्प बसते. माजाची वेळ निघून जाते, कृत्रिम रेतन फुकट जातं, गाय भाकड राहते. घरचं दूध कमी होतं आणि कारण कुणालाच कळत नाही. गोठ्यात बाई डॉक्टर आली तर निदान ही एक भिंत पडेल.

आता

भाची आता तिसऱ्या वर्षाला आहे. पहिले सहा महिने जड गेले. शरीररचनेचा वर्ग, फॉर्मॅलिनचा वास, मेसचं जेवण आणि घरची आठवण. रोज रात्री मला फोन यायचा. मग आठवड्यातून दोनदा येऊ लागला, मग एकदा. मी समजले, रुळली. पुढच्या फेऱ्यांत कॉलेज बदलता येतं का, हे तिने चौकशी करून ठेवलं होतं, पण वेळ आली तेव्हा अर्ज केला नाही. "मावशी, इथली देवणी बघ तू एकदा. काळी-पांढरी, डौलदार. तिला सोडून कुठे जाऊ?"

तिच्या शिक्षणाचा पहिला फायदा कुणाला झाला सांगू? तिच्या आईला. दिवाळीच्या सुट्टीत तिने पाहिलं, आई नेहमीसारखी उघड्या हातांनी वार उचलून पुरायला निघालीय. तिने तिथेच थांबवलं. गाभण गाय अवेळी टाकली तर ब्रुसेलोसिस हा रोग असू शकतो. आपल्याकडे त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. त्याचे जंतू वारेतून, पडलेल्या गर्भातून आणि कच्च्या दुधातून माणसाला लागतात. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, थकवा. बाई डॉक्टरकडे जाते, 'अशक्तपणा आहे' म्हणून गोळ्या घेऊन येते. खरं कारण गोठ्यात असतं. भाचीने आईला हातमोजे आणून दिले. मोजे नसले तर निदान हाताला प्लास्टिकची पिशवी बांधायला शिकवलं. वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची. दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही. आणि कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा या रोगाची लस टोचायची. आजूबाजूच्या बायका आता हातमोजे मागायला माझ्या बहिणीकडे येतात! अजून पदवी हातात नाही, पण 'डॉक्टरीणबाईची आई' हे नाव मात्र तिला पडलंय.

२०२२ साली लंपीची साथ आली, तेव्हा आपण सगळ्यांनीच पाहिलं. अंगावर गाठी आलेली जनावरं, चारा सोडलेले बैल, रडणाऱ्या बायका. गावोगावी लसी टोचत फिरणारे पशुवैद्यक तेव्हा सगळ्यांना देवासारखे वाटत होते. जिच्या घरी एक तरी गाय आहे, तिला या डॉक्टरची किंमत शहाण्या माणसाने समजावून सांगायला नको.

मुलीचं मन असेल तर...

तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल, जी शाळेतून आल्यावर आधी वासराकडे जाते, आजारी कुत्र्याला घरात घेऊन झोपते, तर तिला हसू नका. आणि लगेच हुरळूनही जाऊ नका. आधी तिला जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चार-आठ दिवस सकाळची नेऊन बसवा. डॉक्टरांना विनंती केली तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. शेण, रक्त, पू, अडलेली शेळी हे सगळं बघून तिचं मन बदललं, तर साडेपाच वर्षं वाचली. नाही बदललं, तर तिचा कल खरा. पुण्यात असाल तर बावधनची 'रेस्क्यू' ही संस्था जखमी भटक्या आणि वन्य प्राण्यांसाठी काम करते. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून काम मिळतं का, ते विचारता येईल. नुसती प्राण्यांची 'आवड' आणि प्राण्यांवर उपचार करायची तयारी यात फरक आहे. कधी कधी ज्या जनावराला बरं करता येत नाही, त्याला यातनेतून सोडवण्याचं कामही याच हातांना करावं लागतं.

मग पसंतीक्रम भरायला तिच्याबरोबर बसा. तिला गुरं हवीत, की कुत्री-मांजरं, की रानातली जनावरं, हे तिलाच विचारा. त्याप्रमाणे नावं लिहा. जमेल ती कॉलेजं एकदा डोळ्यांनी बघून या. तिथल्या मुलींशी बोला. एमबीबीएस हुकलं म्हणून 'चला, हे तरी' अशा पडेल मनाने पाठवू नका. मुलीला ते कळतं आणि साडेपाच वर्षं ते ओझं तिच्या पाठीवर राहतं.

आणि कॉलेज लांब मिळालं, तर फक्त एसटीचे तास मोजून 'नाही' म्हणू नका. आपण लेक लग्न करून कितीही लांब देतो, तेव्हा तास मोजत नाही. शिकायला जाताना तेवढे मोजतो! तिकडे कुठल्या तरी गावात, दाराआड उभी असलेली एखादी बाई तिची वाट बघत असेल. तिच्या गाईला काय झालंय, हे तिला सांगायचंय. विचारणारी मात्र कुणीतरी हवी.